घरच्या मापाची फेरतपासणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

या वहीत एरवी मी ऑर्डरी, इलॅस्टिकचा पुरवठा आणि माझा रक्तदाब एवढंच लिहितो. आज जरा सविस्तर लिहिणं आलं. दुपारी एक फोन आला आणि मी खोलीतून पळालो. पळालेल्या माणसाने निदान वहीत तरी खरं लिहावं.

लेकीने वर्षभर डोकं खाल्लं म्हणून हिने गेल्या आठवड्यात मॅमोग्राम करून घेतला. बावन्नाव्या वर्षी पहिला. आज ही कारखान्यात वरच्या खोलीत नव्या नमुन्याचे पट्टे ओढून पाहत होती, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन. पलीकडची बाई हळू बोलत होती, पण माझ्या कानांना ते चालतं. खाली चाळीस शिलाई यंत्रं धडधडत असताना कुठल्या यंत्राचा दोरा ताणलाय हे मला वर बसून कळतं. "स्तनांची घनता जास्त आहे, त्यामुळे फोटो नीट वाचता येत नाही. डाव्या बाजूची एक जागा पुन्हा पाहायची आहे. पुढच्या बुधवारी याल?"

मी म्हणालो, "चहा सांगून येतो," आणि जिना उतरलो.

यातली गंमत अशी की माझा धंदाच ब्रा बनवण्याचा. खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार विकत सुरुवात केली, मग एक जुनं यंत्र घेतलं, त्यावर ही बसली, आणि आज दोन मजले आहेत. भर बाजारात मी कप, पट्टा, घेर, उभार हे शब्द कांदे-बटाटे म्हणावेत तसे म्हणतो. पण तो माल ज्यावर चढतो त्याचं नाव घरच्या माणसाबद्दल निघालं आणि मला चहा आठवला.

खाली गेल्यावर ठरवून टाकलं. फोटो नीट आला नसेल तर दोष यंत्राचा. माझ्याकडचं यंत्र असं वागलं असतं तर मी गिऱ्हाइकाला परत बोलावलं नसतं, यंत्रवाल्याला बोलावलं असतं.

हिला म्हणालो, "काही नसतं गं, यांची बिलं वाढवायची पद्धत असते."

ही म्हणाली, "चहा कुठाय?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळी लेकीचा फोन. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बापालाही बाकावर बसवते.

"बाबा, घनता म्हणजे आत चरबी कमी आणि ग्रंथी, तंतू जास्त. फोटोत चरबी काळी दिसते, बाकीचं पांढरं. गाठ असली तर तीही पांढरीच दिसते. म्हणून शोधायला कठीण."

"म्हणजे पांढऱ्या जाळीवर पांढरी लेस लावलीय आणि सुटलेला टाका शोधायचाय."

"अगदी तसंच."

मला बरं वाटलं. विषय आपल्या हातात आला की अर्धं काम होतं. मी विचारलं, हाताला कळतं का? नाही म्हणाली. मऊ-कडक, लहान-मोठं याच्याशी काही संबंध नाही, फक्त फोटोत कळतं. कितीतरी बायकांचं असं असतं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण हे होतं कशाने?"

"बरंचसं उपजतच असतं. का हो?"

"काही नाही. सहज."

सहज नव्हतं. ते लिहायचं की नाही ते ठरलेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहितोच.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. कुठलाही नवा नमुना आधी ही दिवसभर अंगात घालते. त्यातच स्वयंपाक करते, जिने चढते, वरच्या फळीवरचे डबे काढते. संध्याकाळी निकाल देते: बगलेत गोळा होतो, पट्टा घसरतो, हुक पाठीत रुततो. ती हो म्हणेपर्यंत कापडाला कात्री लागत नाही. बाकी सगळी मापं तिच्या मापावरून वरखाली करतो. कटिंगवाले त्याला 'घरचं माप' म्हणतात. गावोगावच्या हजारो बायका आज जे घालतात ते मुळात हिच्या अंगावर बेतलेलं आहे. माझ्या धंद्यात दुसरं कुठलंही गुपित नाही.

गेल्या वर्षी आम्ही तारेचा माल सुरू केला. कपाखाली वाकवलेली बारीक पोलादी तार. तिचा बाक जमेना. हिने नमुन्यामागून नमुने घातले आणि दर वेळी सांगितलं, "डावीकडे टोचतंय." मी म्हणायचो, "अजून एक घालून बघ."

आणि आता जागा कुठली? डावी.

तेव्हा एका दुकानदाराची बायको गल्ल्यावर बसून मला म्हणाली होती, तारेने आत गाठी होतात म्हणे. मी हसलो आणि तिला आणखी दोन डझन तारेचा माल दिला.

आज सकाळी तारेची लाइन बंद केली. मास्तरीणबाईंना, म्हणजे शिलाई बघणाऱ्या आमच्या जुन्या बाईंना, सांगितलं की तारेचा लॉट खराब निघाला.

"साहेब, तार चांगलीय. मी स्वतः वाकवून पाहिली."

"मी म्हणतो ना."

"तुम्ही म्हणताय म्हणजे खराबच असणार," म्हणाल्या आणि गेल्या. बाईंचं बोलणं नेहमी वरून इस्त्री केलेलं असतं.

दुसरी गोष्ट चांगली झाली. हिने आज पहिल्यांदाच नवा नमुना मास्तरीणबाईंना घालायला दिला. त्यांचं माप घेतलं, कुठे काय बघायचं ते समजावत दुपारभर बसली, वर नमुन्यांच्या कपाटाची किल्लीही देऊन टाकली. मी कधीपासून सांगतोय की कामं वाटून दे, आराम कर. अखेर ऐकलं. आपलं म्हणणं लोकांना पटायला वेळ लागतो, पण पटतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

हिला आवराआवरीची लहर आलीय. माझ्या गोळ्या कुठे, गॅसवाल्याचा नंबर कुठे, लेकीच्या लहानपणीचे फोटो कुठल्या पेटीत, सगळं मला हात धरून दाखवलं. वॉशिंग मशीन कसं लावायचं तेही शिकवलं.

मी म्हणालो, "दौऱ्यावर चाललीस की काय?"

"माहीत असावं माणसाला."

दिवसभर गुणगुणत होती. एवढ्या खुशीत पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. बुधवारची धास्ती घेतलेली दिसत नाही, ते एक बरं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेलो. बायकांची तपासणी, त्यामुळे बाहेर बसलेले सगळे नवरे छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मी आत-बाहेर करणाऱ्या बायकांच्या झग्यांकडे बघितलं, म्हणजे शिलाईकडे. बंद पाठीमागे, तेही दोनच. मोठ्या घेराच्या बाईने ते कसे बांधायचे याचा विचार कापणाऱ्याने केलेला नाही.

हिचा पुन्हा फोटो काढला, जास्त दाबून. मग सोनोग्राफी. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही आत बोलावलं. वयाने आमच्या लेकीएवढ्या, बोलणं थेट.

"डाव्या बाजूला एक छोटीशी गाठ दिसते. कडा गुळगुळीत आहेत, आकार सरळ आहे. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. आज सुई घालून तुकडा तपासायची गरज मला वाटत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. घनता जास्त आहे, म्हणून फोटो आणि सोनोग्राफी दोन्ही करू."

मी म्हणालो, "सहा महिने कशाला थांबायचं? काढूनच टाका. डाग दिसला की आम्ही कापड बाजूला काढतो."

"ते कापड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडचं तोंड फिरवून हिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

हिने बरंच विचारलं. वाढली तर कसं कळेल, मधल्या काळात काय जाणवलं तर यायचं, लेकीने कधीपासून तपासून घ्यायचं. घनतेमुळे धोका वाढतो का, हेही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा वाढतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही, पण अशा बायका खूप आहेत आणि परत बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना काहीच निघत नाही. ही म्हणाली, "मग थांबते मी."

उठता उठता माझ्या तोंडून निघालंच. "हे तारेच्या ब्रामुळे होतं का?"

"नाही. तार काचते, फार तर कातडी लाल होते. गाठीशी तिचा संबंध दिसलेला नाही. घनतेशीही नाही."

ही माझ्याकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "म्हणून लॉट खराब का?"

मी गाडी सुरू केली.

"अहो, म्हणून तुम्ही लाइन बंद केलीत?" आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "आणि मला वाटत होतं तुम्हाला यातलं काहीच—" पुढचं राहिलं, मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

उद्यापासून तारेची लाइन चालू. एकंदरीत दिवस चांगला गेला. फक्त ते सहा महिन्यांचं मला मान्य नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मास्तरीणबाई म्हणतात, "बरा झाला का हो साहेब तो लॉट?"

सोमवार, २८ एप्रिल

थांबणं मला जमत नाही. फेब्रुवारीपासून रोज सकाळी डोळे उघडले की पहिली ती गाठ आठवते. ही मात्र दिवसभर त्याचं नाव काढत नाही. कुणीतरी हातपाय हलवायला हवेत.

एका मोठ्या व्यापाऱ्याच्या ओळखीने शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या सर्जनची वेळ मिळवली. २६ मे. लोक त्यांच्याकडे वर्ष-वर्ष खेटे घालतात. रिपोर्टच्या प्रती मी काढून पाठवल्या. हिला त्या दिवशी सकाळीच सांगेन. आधी सांगितलं तर नाही म्हणेल. गाडीत बसली की प्रश्न मिटतो. पहिलं यंत्रही मी असंच न सांगता घरी आणलं होतं, तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती आणि तिसऱ्या दिवशी त्यावर शिवायला बसली.

शनिवार, १० मे

लेक आली होती. आईचं आणि तिचं खोलीत बराच वेळ चाललं. मी बाहेर होतो, पण दार लाकडाचं आहे, दगडाचं नाही. लेक म्हणत होती, "बाबांना सांग ना." ही म्हणाली, "त्यांना झोप लागते अजून. लागू दे."

बहुधा जावयाच्या बदलीबद्दल असावं. विचारलं नाही. सांगतील.

बुधवार, २१ मे

आज ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

वरच्या खोलीला मध्ये प्लायची भिंत आहे. मी अलीकडे बिलं बघत होतो. पलीकडे ही आणि मास्तरीणबाई. नवा नमुना घालायचा होता.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, मी नाही घालत आता. हे माप तुमचं आहे."

"अगं, चांगलं बसतं तुला. परवाचा दोष तूच पकडलास."

"फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, मी नसले तर नमुना तुझ्या अंगावर बेतायचा, साहेबांना दुसरं कुणी सुचणार नाही. मी हो म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही मी. आता तुम्ही समोर उभ्या आहात धडधाकट. तुम्हीच घाला."

मग ही म्हणाली, "ऑगस्टपर्यंत घाल. मग बघू."

खाली एका यंत्राचा दोरा तुटला, चालवणारीला कळलं नाही, यंत्र नुसतंच धावत होतं. मी ऐकत बसून राहिलो. उठून सांगायला गेलो नाही.

गुरुवार, २२ मे

ते किल्लीचं. वॉशिंग मशीनचं. फोटोंच्या पेटीचं. आणि मी इथे वर लिहून ठेवलंय, 'अखेर ऐकलं' म्हणून. ती पानं फाडणार होतो. ठेवतो.

शुक्रवार, २३ मे

काल संध्याकाळी ही गच्चीत कपडे काढत होती, तिथे गेलो. कपडे हातात घ्यायला लागलो तर म्हणाली, "आज काय मोडलंय?"

मी म्हणालो, "तू मास्तरीणबाईंना काय सांगितलंस ते मी ऐकलं."

"भिंत प्लायची आहे. वाटलंच होतं, कधीतरी ऐकाल."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. घडी घालता घालता बोललो आम्ही, म्हणजे ती बोलली. "काय सांगू? फोन आला तेव्हा तुम्ही सांगितलंत काही नसतं. मग सांगितलंत बिलं वाढवायची पद्धत. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं तर तुम्ही सांगितलंत काढून टाका. तुमचे कान मोठे तीक्ष्ण. खालच्या यंत्राचा दोरा ऐकू येतो. माझी पाळी आली की तुम्ही बोलत असता."

यावर मला एकूण चार उत्तरं सुचली. चारही चांगली होती. एकही दिलं नाही. विचारलं, "भीती वाटते का तुला?"

ती चादर हातात धरून उभी राहिली. म्हणाली, पहिले दोन आठवडे खूप वाटली. मरणाची कमी. आपण कुणाच्या तरी हातातलं काम होऊन बसू याची जास्त. हे आणा, तिकडे न्या, हिला आत घ्या, हिला बाहेर बसवा. डॉक्टरीणबाईंनी "तुम्हाला काय वाटतं" विचारलं तेव्हा ती भीती अर्धी उतरली. आता सकाळी वाटते, दुपारपर्यंत जाते. फोटो काढताना दुखतं, तेही म्हणाली. यंत्राच्या फळीला हात टेकून उभं राहावं लागतं आणि श्वास धरावा लागतो, तेव्हा ती आमच्या पहिल्या यंत्राचे भाग मनात मोजते. सुईपासून सुरू करून पाय मारायच्या पट्टीपर्यंत.

मला यातलं काही माहीत नव्हतं.

मग मी २६ तारखेचं सांगितलं. सर्जन, व्यापारी, रिपोर्टच्या प्रती, गाडीत बसवायचा बेत, सगळं. वाटलं, चिडेल. तिने उरलेले चिमटे काढले, डब्यात टाकले. "सोमवारी सकाळी सांगणार होतात?"

"हो."

"मी गाडीतून उतरले असते."

"तुला जायचंय का? खरंच विचारतोय. तू म्हणशील तसं."

"नाही. डॉक्टरीणबाई मला पटल्या. ऑगस्टपर्यंत थांबणार मी. थांबायला सोबत हवीय, वाट काढणारा नकोय."

आज सकाळी सर्जनच्या ऑफिसला फोन करून वेळ रद्द केली. पलीकडची मुलगी चकित झाली, म्हणाली, "पुन्हा इतक्या लवकर मिळणार नाही हं." मी म्हणालो, "कल्पना आहे." ज्या व्यापाऱ्याची ओळख लावली होती त्यालाही कळवलं. तो म्हणाला, बायकांचं ऐकून असले निर्णय घ्यायचे नसतात. मी म्हणालो, तुझी सहाशे नगांची ऑर्डर बायकांचं ऐकूनच बेतलेली आहे.

रविवार, १५ जून

सकाळी विचारलं, "भीती आज कशी आहे?" म्हणाली, "आज नाहीय." तेवढंच. चहा घेतला.

बुधवार, २ जुलै

"आज आहे." मग मी कारखान्यात उशिरा गेलो. दोघं बाजारापर्यंत चालत जाऊन आलो. काही आणलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

उद्या. रक्तदाब वाढलाय, माझा. हिचा उत्तम.

बुधवार, १३ ऑगस्ट

ही आत गेली. मी ठरल्याप्रमाणे बाहेर. "तुम्ही बसा," असं सांगून गेली, "बोलावलं तर या, नाहीतर मी येते." आपण नुसतं बसायचं, हे काम मी आजवर पगार देऊनही कुणाला दिलेलं नाही.

शेजारच्या खुर्चीवर एक तरुण. पाय सारखा हलत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तुमच्याही मिसेस का?"

"हो."

"आमची पहिलीच वेळ. फोन आला, डेन्स आहे म्हणाले, परत बोलावलं. म्हणजे काय असतं हो ते? मी हिला म्हटलंय, काही नसतं. दुसऱ्या ठिकाणची वेळही घेऊन ठेवलीय मी, तिला अजून सांगितलेलं नाही."

मला हे सगळं येत होतं. चरबी काळी, बाकीचं पांढरं, जाळीवरची लेस. एवढ्या महिन्यांत इतकं पाठ झालंय की मी शाळा काढू शकेन. तोंड उघडलंही.

मग विचारलं, "त्या काय म्हणतात?"

"कोण?"

"तुमच्या मिसेस."

"म्हणजे... विचारलं नाही तसं." पाय हलायचा थांबला. "आता आत गेलीय."

"बाहेर येतील ना," मी म्हणालो. "डेन्स बऱ्याच जणींचं असतं. फोटो नीट वाचता येत नाही, म्हणून पुन्हा बघतात. बहुतेकींचं काही निघत नाही. एवढं आता ऐकून ठेवा. बाकी त्यांना विचारा."

दार उघडलं आणि ही आली. झग्याऐवजी स्वतःचे कपडे, एक बटण अजून लावायचं होतं. चेहऱ्यावरून मला काही कळेना. यंत्रं कळतात, गिऱ्हाइकं कळतात. उठून "काय झालं" विचारावंसं वाटलं, रिपोर्ट हातातून घ्यावासा वाटला. खुर्चीचा हात धरून बसलो. ती आली, शेजारी बसली, बटण लावलं.

"आहे तेवढीच आहे," म्हणाली. "वाढली नाही, बदलली नाही. घनताही तशीच. आणखी सहा महिन्यांनी एकदा, मग वर्षाला एकदा, दोन्ही तपासण्या. कायमचं."

माझ्या ऑफिसात कोणी 'विक्री आहे तेवढीच आहे' असं येऊन सांगितलं तर मी त्याला उभं करून ठेवतो.

लगेच उठायचं नव्हतं तिला. म्हणाली, "सांगते, ऐका," आणि सगळं सांगितलं. आत थंड किती होतं, फोटो काढणारी मुलगी नवी होती आणि हिच्यापेक्षा जास्त घाबरलेली, हिनेच तिला म्हटलं, दाब गं, मी यंत्रावरची बाई आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती गाठ डॉक्टरीणबाईंनी स्वतः फिरवून दाखवली, काळसर, मसुराच्या दाण्याएवढी. हिने तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, राहा तर मग, जागा आहे. आणि मग अचानक रडू आलं, सगळं बरं असल्याचं कळल्यावर, आधी नाही, त्यामुळे त्या नव्या मुलीची फारच धांदल उडाली.

बराच वेळ सांगत होती. तो तरुण निघून गेला, त्याची बायको त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि तो मान खाली घालून चालत होता. पुढच्या बायकांची नावं पुकारली गेली.

मी मध्ये एकदाच बोललो. "मग?" म्हणालो, एवढंच.